पोरीला जरा धर

शेडच्या दारात चुन्याचा पट्टा होता, हातभर रुंद. तो ओलांडायचा तर आधी चपला काढायच्या, ब्लीचिंगच्या पाण्यात पाय बुडवायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि आतल्या वेगळ्या चपला घालायच्या. तंबाखू मळलेला हात चालत नसे, वासाचं तेल लावलेलं डोकं चालत नसे. पाहुणा असो नाहीतर पुढारी, पट्ट्याच्या अलीकडेच उभा. बावीस वर्षं रेशमाच्या अळ्या पाळणाऱ्या या म्हातारीला गावानं चुनेवाली असं नावच पाडलं होतं, आणि ते तिच्या तोंडावर म्हणत. तिला त्याचं काही नव्हतं. आजूबाजूच्या शेडमध्ये रोग शिरायचा, टोपल्याच्या टोपल्या खड्ड्यात पुरल्या जायच्या. हिच्याकडे बावीस वर्षांत तसं दोनदाच झालं होतं.

त्या हिवाळ्यात अळ्यांनी चौथी कात टाकली आणि शेवटची खाखा सुरू झाली. हे सात-आठ दिवस माणसाला माणूस ओळखत नाही. बोटाएवढ्या झालेल्या अळ्या दिवसभर तुती खातात, आणि त्यांच्या खाण्याचा आवाज कोरड्या वाळूवरून कुणी पाय घासत चालावं तसा शेडभर चालू असतो. तो आवाज थांबला की समजायचं, पाला संपला. धुकं इतकं की दहा वाजेपर्यंत तुतीच्या फांद्यांवरचं पाणी सुकत नव्हतं, आणि ओला पाला घालता येत नाही. म्हणून सगळं काम उरलेल्या दिवसात कोंबायचं.

घरात माणसं चार. म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि सहा आठवड्यांची नात. मुलगा बोलायला कमी, म्हणून त्याला घुम्या म्हणत. तो पहाट उजाडली की तुतीत शिरायचा तो भारे बांधतच राहायचा. त्याच्या जोडीला पाला तोडायला लवंगी. ठेंगणी, काटकुळी बाई, तोंडानं मिरचीसारखी, म्हणून लवंगी. आठ वर्षं ती हंगामाला इथंच येत होती. घरी तिची म्हातारी सासू, आणि दुसरं कुणी नाही.

चौथ्या कातीनंतरच्या दुसऱ्या दिवशी लवंगीनं डोक्यावरचा भारा शेडच्या दारात टाकला, गुडघ्यांवर हात टेकले आणि खोकायला लागली. भाता फाटल्यासारखा आवाज येत होता.

"थांब तिथंच," आतून चुनेवाली म्हणाली.

"थांबलेच आहे. श्वास तरी घेऊ द्या."

"कधीपासून?"

"परवापासून. घसा नुसता सोलून निघालाय. रात्री अंगही तापलं होतं. म्हटलं घरी पडावं, पण तुमच्या अळ्या उपाशी राहिल्या तर तुम्ही मलाच खायला घालाल त्यांना."

"आत यायचं नाहीस."

"माझी सर्दी लागते होय त्यांना? नाक कुठं असतं अळीला?"

चुनेवालीच्या ओठांच्या कडा हलल्या, पण ती हसली नाही. "एक सडली की सगळा रॅक जातो. मला शिकवू नकोस."

पण आत हात कमी पडत होते. तीन बाजूंचे रॅक, प्रत्येकाला चार मजले. एकटीनं फांद्या पसरायच्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर पोचेपर्यंत पहिला मोकळा. सून घराच्या ओसरीवर पोरीला घेऊन बसली होती. घर शेडपासून वीस पावलांवर. चुनेवालीनं क्षणभर ओसरीकडे पाहिलं आणि तिचा हिशेब झाला.

"असं कर, तू ओसरीवर जा. पोरीला जरा धर आणि सुनेला इकडं पाठवून दे."

लवंगी हलली नाही. "काकू, खोकला आहे म्हटलं ना. एवढंसं लेकरू—"

"आजचा आहे का तुझा खोकला? पाल्याची धूळ बसते घशात. पदर लाव तोंडाला. मांडीवरच घ्यायचंय, पाजायचं नाही."

"बघा बुवा. तुम्ही म्हणताय म्हणून."

लवंगीनं नळावर जाऊन हात धुतले. पदर नाकावरून घेऊन कानामागे खोचला. तो दर दोन मिनिटांनी सुटत होता आणि ती तो परत खोचत होती. पोर जागी झाली, रडायला लागली, तेव्हा तिनं पदर सोडला आणि तोंडानं चुक-चुक आवाज काढत तिला खेळवायला लागली. पोरीनं तिचं बोट धरलं, तोंडात घालायला ओढलं. तिनं ते सोडवून घेतलं. पोरीनं परत धरलं.

असं तीन दिवस चाललं. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. शेडमध्ये सासू-सून, ओसरीवर लवंगी. अळ्या काचेसारख्या स्वच्छ होत्या. चुनेवाली रोज बॅटरी मारून एकेक मजला बघायची आणि मेलेली, सुजलेली एकही मिळाली नाही की समाधानानं नाक ओढायची. तिसऱ्या दिवशी तिचं स्वतःचं नाकही गळायला लागलं होतं. त्या दिवसापासून शेडमध्ये ती तोंडाला फडकं बांधून काम करू लागली. घरात आली की फडकं खुंटीवर, आणि नात मांडीवर.

"आत्या, तुम्हालाही सर्दी दिसते," सून म्हणाली.

"थंडी आहे. थंडीत नाक नाही गळणार तर काय घाम गळणार?"

गावात तोवर बातम्या फिरू लागल्या होत्या. आधी गिरणी बंद झाली. गिरणीवाला चार दिवस अंथरुणात होता, आणि दळणाचे डबे दाराशी तसेच रांगेत उभे होते. मग शाळेतली निम्मी पोरं आली नाहीत, आणि चौथ्या दिवशी मास्तरच आले नाहीत. घुम्या विळे घेऊन धार लावायला लोहाराकडे गेला, तर लोहार भात्याजवळ पाय पसरून बसलेला. "धरवत नाही रे हातोडा," तो म्हणाला. "छातीत कुणीतरी पोतं भरून ठेवलंय." घुम्यानं घरी येऊन हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि शिंकला.

"हवाच तशी आहे," चुनेवाली म्हणाली.

पाचव्या दिवशी पोरीचं नाक चोंदलं. दूध ओढताना ती मध्येच सोडायची, तोंड उघडून श्वास घ्यायची, परत धरायची. सहाव्या दिवशी तिला खोकला आला. एवढ्याशा देहातून येणारा तो आवाज सुनेला सहन होईना. लहान कुत्र्याच्या पिल्लासारखा, कोरडा. त्या दिवशी दुपटी दोनच ओली झाली. एरवी दोरीवर जागा पुरत नसे.

चुनेवालीनं तिच्या समजुतीप्रमाणे केलं. खोलीच्या दोन्ही खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. शेडमध्ये ऊब ठेवायला वापरायची ती कोळशाची शेगडी पेटवून आणली आणि पाळण्याच्या पायथ्याशी ठेवली. खोली उबदार झाली. डोळे चुरचुरायला लागले. तिघंही त्याच खोलीत बसून जेवली, दोघं शिंकत, आणि पाळण्यात पोर खोकत.

सातव्या दिवशी सकाळी अळ्या पिकायला लागल्या. पिकलेली अळी खाणं सोडते, अंग पिवळसर आरपार दिसायला लागतं, आणि ती डोकं वर करून काहीतरी शोधत असल्यासारखी हलत राहते. तेव्हा ती उचलून चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, ठेवावी लागते. उशीर झाला तर कुठंही, कचऱ्यात, फांदीच्या बेचक्यात धागा सोडते आणि पंचवीस दिवसांचं काम मातीत जातं. चुनेवाली उजाडल्यापासून अळ्या वेचत होती. तेवढ्यात ओसरीवरून सुनेची हाक आली. नुसती "आत्या!" एवढीच. पण चुनेवालीच्या हातातलं सूप खाली आलं.

सून पोरीचं झबलं वर करून बसली होती. "हे बघा. हे असं होतंय."

पोरीच्या बरगड्यांखाली, पोट सुरू होतं तिथं, प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. कुणी आतून चिमटीनं कातडी ओढावी तसा. नाकपुड्या फुलत होत्या. ती रडत नव्हती, रडायला तिच्याकडे हवाच शिल्लक नव्हती.

घुम्या सायकल घेऊन गेला आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईला तिच्या गाडीवर पुढं घालून स्वतः मागून दामटत आला. नर्सबाईच्या तोंडाला मास्क होता. ती आत आली, शेगडी पाहिली आणि आधी तीच उचलून अंगणात नेऊन ठेवली. मग खिडक्या उघडल्या. चिंध्या खाली पडल्या.

"अहो, थंडी लागेल पोरीला," चुनेवाली म्हणाली.

"थंडी लागली तर पांघरूण घाला आजी. धूर कसा काढणार छातीतून?" ती पोरीजवळ बसली, झबलं वर केलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागली. पूर्ण मिनिटभर.  "बहात्तर," ती म्हणाली. "हिच्या वयाला मिनिटाला श्वास साठच्या आत हवेत. दूध पिते?"

"कालपासून नीट नाही," सून म्हणाली.

"शू?"

सुनेनं नकारार्थी मान हलवली.

"गाडी बघा. आत्ता. मोठ्या दवाखान्यात फोन करते मी." मग बॅग बंद करता करता तिनं विचारलं, "घरात कुणाला सर्दी-खोकला होता?"

हा प्रश्न तिनं सगळ्यांना विचारला होता.  चुनेवालीनं खाली पडलेल्या चिंध्या गोळा करायला घेतल्या. शेवटी घुम्याच बोलला, जो कधी बोलत नसे.

"ती लवंगी. खोकत येत होती आठवडाभर. पोरीला घेऊन बसायची."

नर्सबाईनं तिघांच्या नाकांकडे एकदा पाहिलं. "एकटीच का?" असं म्हणून ती फोन लावायला बाहेर गेली.

 चुनेवाली तेव्हा एक वाक्य बोलली असती तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. नाही बोलली.

दवाखान्यात पोरीला काचेच्या पेटीवजा टोपाखाली ठेवलं. एक बारीक नळी नाकाशी, दुसरी हाताला. आत फक्त आईला परवानगी. चुनेवाली मागोमाग निघाली तर दारातल्या आयाबाईनं हात आडवा केला.

"तुम्ही नाही आजी. खोकताय."

"मी आजी आहे तिची."

"म्हणूनच नाही. आत अशी नऊ लेकरं आहेत."

बाईनं तिला मास्क दिला, बेसिन दाखवलं, साबण लावून हात कसे चोळायचे ते बोटांच्या बेचक्यांसकट करून दाखवलं, शाळेतल्या पोरीला दाखवावं तसं. बाकावर बसलेली माणसं बघत होती. चुनेवालीचे कान तापले. बावीस वर्षं ती लोकांना हेच दाखवत आली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होती, डोळ्यांखाली काळं. घुम्या आणि चुनेवाली तिच्यासमोर उभे राहिले.

"एखादं जोराचं इंजेक्शन द्या ना," चुनेवाली म्हणाली.

"या आजाराला इंजेक्शन नाही आजी. विषाणू आहे. हिला हवा द्यायची, पोटात दूध-पाणी जाईल असं बघायचं आणि वाट बघायची. तिचं शरीरच लढतं. आपण फक्त तिला दम पुरवायचा."

"पण आम्हाला तर नुसती सर्दी झाली. तिलाच एवढं का?"

डॉक्टरीणबाईनं टेबलावरच्या पेनातली रिफिल काढून दाखवली. "तुमच्या श्वासाच्या नळ्या एवढ्या. हिच्या त्याहून कितीतरी बारीक. तोच शेंबूड तुमच्याकडे नाकातून गळतो, हिच्याकडे नळीच बंद करतो. खोकताना, शिंकताना, बोलतानाही तोंडातून बारीक थेंब उडतात. ते दुसऱ्याच्या श्वासात जातात. हातावर पडतात, कपड्यावर पडतात, आणि तोच हात बाळाच्या तोंडाशी जातो. बंद खोलीत तर विचारूच नका."

"कुणाकडून आलं असेल?" घुम्यानं विचारलं.

"गावात किती जण आजारी आहेत?"

"पुष्कळ."

"मग शोधून काय करणार? ज्याला खोकला आहे त्यानं लेकरांपासून आणि म्हाताऱ्यांपासून लांब राहायचं, तोंड झाकायचं, हात धुवायचे, दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या. एवढं सगळ्यांनी केलं असतं तर आज आत नऊच्या जागी तीन असती." ती उठली. "उद्याचा आणि परवाचा दिवस कठीण आहे. खोटं सांगत नाही."

सून आत राहिली. मायलेक दुपारच्या गाडीनं परत फिरले, कारण शेडमध्ये अळ्या माना वर करून शोधत होत्या. गाडीच्या खिडकीशी बसून चुनेवाली मास्कच्या आत खोकत होती. समोरच्या बाकावरच्या बाईनं आपलं मूल उचललं आणि मागं जाऊन बसली.

घरी पोचले तर शेडच्या दारात पाल्याचे तीन भारे रचलेले. न पिकलेल्या अळ्यांना अजून दोन दिवस पाला लागणार होता. लवंगी लांब, पेरूच्या झाडाखाली उभी होती.

"कशी आहे पोर?" तिनं तिथूनच विचारलं.

घुम्या तिच्याकडे चालत गेला. आवाज चढवला नाही त्यानं, पण कुंपणापलीकडचे शेजारी ऐकत होते. "परत या घराकडे पाय टाकायचा नाही. आठ वर्षं आमचं खाल्लंस आणि आमच्याच लेकरावर—"

"मी?" लवंगी म्हणाली. तिनं चुनेवालीकडे पाहिलं. चुनेवाली शेडच्या कुलपात किल्ली घालत होती. ती किल्ली चटकन बसत नव्हती.

"काकू," लवंगी म्हणाली. "मी सांगितलं होतं ना हो?"

कुलूप उघडलं. चुनेवाली आत गेली.

लवंगीनं पदर कमरेला खोचला, विळा घेतला आणि गेली. कुंपणापलीकडून बातमी तिच्याआधी गावात पोचली. दुसऱ्या दिवशी नळावर तिची घागर लागली तर दोघीतिघींनी आपल्या घागरी सरकवून घेतल्या. "चुनेवालीच्या नातीला हिनंच दिलं." मिरची तोडायला जायचं तिचं ठरलं होतं, त्या घरूनही निरोप आला, नको. ज्या घरून निरोप आला त्या घरचा कर्ता तीन दिवस शिंकत हिंडत होता.

चुनेवाली आणि घुम्यानं दोन दिवस अळ्या वेचल्या. बोटं चिकट व्हायची, पाठ मोडायची, डोळ्यांसमोर पिवळं पिवळं तरंगायचं. अर्ध्या अळ्यांनी धागा सोडला, जाळीवर धुक्याचे गोळे दिसायला लागले. पीक उत्तम उतरणार हे तिला दिसत होतं. ते बघून पहिल्यांदाच तिला अन्न गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. टोप काढला नव्हता, पण पोरीनं चमच्यानं दूध घेतलं होतं. घुम्यानं ऐकलं, फोन आईच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"आत्या?" फोनवर सून म्हणाली.

"ऐक गं," चुनेवाली म्हणाली. "लवंगीनं मला सांगितलं होतं. खोकला आहे, लेकरू लहान आहे, असं म्हणाली होती. मीच तिला दिलं पोरीला. तिची चूक नाही."



"मला माहीत आहे," सून म्हणाली. "मी ओसरीवर होते. ऐकलं मी. मीही दिलीच ना? मला वाटलं, तुम्हाला नाही कसं म्हणायचं." मग ती म्हणाली, "आत्या, मी घरी आले की पोरीच्या खोलीत मी सांगेन तोच येणार. तुम्ही असा नाहीतर हे असोत."

"बरं," चुनेवाली म्हणाली.

घुम्यानं भिंतीकडून तोंड वळवलं होतं. तो आईकडे बघत होता.   त्यानंतर पुष्कळ दिवस तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

त्याच दुपारी ती लवंगीच्या घरी गेली. तोंडाला फडकं घट्ट बांधून. दार लोटलेलं, खिडकी बंद. आत अंधारात लवंगी सासूच्या उशाशी बसली होती, हातात पाण्याचं भांडं.

"आता काय राहिलं?" लवंगी म्हणाली.

चुनेवालीला बोलायचं होतं ते राहूनच गेलं, कारण तिचं लक्ष अंथरुणाकडे गेलं. म्हातारी आडवी पडली होती, तोंड उघडं, आणि गळ्याच्या घाटीखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. तसाच. ओठांना निळसर छटा.

"कधीपासून असं?"

"काल ताप होता. आज सकाळपासून बोलत नाही. मी कुणाला हाक मारू? दारासमोरून जाताना लोक नाकाला पदर लावतात."

चुनेवालीनं खिडकीची कडी काढली. झडप फुगलेली होती, तिनं खांद्यानं ढकलली. म्हातारीच्या काखेत हात घालून तिला उठवून बसवलं, पाठीशी दोन गोधड्या लावल्या. मग शेजारच्या टेम्पोवाल्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

टेम्पोवाला चाचरला. "काकू, खोकल्याचं माणूस... घरात माझी पोरं आहेत."

"तिला मागं बसवते, मी मागं बसते. तू तोंड बांध, खिडक्या उघड्या ठेव. आल्यावर हात धू, गाडी धू. अंघोळ केल्याशिवाय पोरांजवळ जाऊ नकोस. चल आता."

"अळ्या वेचायच्या नाहीत का तुमच्या? सगळा गाव म्हणतोय, यंदा पीक—"

"चल म्हटलं ना!"

वाटेत लवंगी सासूचा हात चोळत राहिली आणि चुनेवाली म्हातारीला मागून धरून बसली. खड्ड्यांतून गाडी उडत होती. लवंगीनं एकदा वर पाहिलं. "माझ्यामुळंच ना हिलाही?" ती म्हणाली. "मी तरी काय करू? घरात दोनच माणसं, आणि खोली एक."

चुनेवाली म्हणाली, "तू घरी पडून राहिली असतीस तर मी पाठवलं असतं का माणूस बोलवायला? पाठवलं असतं. आणि तू आली असतीस." थोड्या वेळानं ती म्हणाली, "यापुढं खोकला असेल त्या दिवशी यायचं नाही. तुझा दिवस मोडणार नाही. हे मी आधी म्हणायला हवं होतं."



लवंगीची सासू दोनच दिवस काढू शकली. डॉक्टरीणबाई म्हणाली, एक दिवस आधी आणली असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही. म्हणजे नक्की काय, ते कुणी विचारलं नाही. त्याच दिवशी पोरीचा टोप काढला होता. वरच्या मजल्यावर सून पहिल्यांदा तिला छातीशी धरून पाजत होती, आणि खालच्या दारातून म्हातारीचा देह बाहेर आणला. चुनेवाली जिन्यात उभी राहिली. वर जायची तिला परवानगी नव्हती, आणि खाली काय तोंडानं जावं ते कळत नव्हतं. शेवटी ती खाली गेली.

मातीला माणसं कमी होती. वीस-पंचवीस. आलेली सगळी लांब लांब उभी होती, पण ती लवंगीपासून लांब. एकमेकांना मात्र चिकटून, कोंडाळं करून कुजबुजत होती. गिरणीवाला बरा होऊन आला होता, गालफडं बसलेली. मास्तर होते. धुकं अजून उठलं नव्हतं. लवंगी एकटी पुढं उभी, हात बांधून.

"आधी चुनेवालीच्या घरात घातलं, मग स्वतःच्या," कुणीतरी पुरेशा मोठ्यानं म्हणालं. "सांगून का राहत नाहीत घरी."

घुम्यानं मान खाली घातली. चुनेवाली कोंडाळ्यातून बाहेर आली आणि लवंगीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या आवाजाला सर्दीनं अजून घोगरेपणा होता.

"तिनं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं, खोकला आहे म्हणून. माझ्या अळ्यांची मला काळजी होती, म्हणून तिला शेडमध्ये घेतलं नाही, आणि पोर तिच्या मांडीवर दिली. नाव घ्यायचं असेल तर माझं घ्या."



"आणि तुमच्यातलं कोण आजारी असताना घरी राहिलं?" तिनं विचारलं. "गिरणी बंद व्हायच्या आदल्या दिवशी खोकत दळण कुणी दळून दिलं? मिरचीवर शिंकत कोण हिंडत होतं? आज कुणाला बरं नाही? ज्याला खोकला असेल त्यानं आत्ता सांगा आणि घरी जा. कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही."

धुक्यात सगळे उभे होते. गिरणीवाल्यानं जमिनीकडे पाहिलं. मास्तरांनी खिशातला रुमाल चाचपला.

मागच्या बाजूला कुणीतरी खोकलं. दाबून, हातात तोंड धरून, पण तो आवाज आता सगळ्यांच्या ओळखीचा होता. खोकणाऱ्याच्या आजूबाजूची माणसं जराशी हलली आणि थांबली. चुनेवालीनं टाचा वर करून पाहिलं. कोण ते कळलं नाही. कुणी वळलं नाही, कुणी बाजूला झालं नाही. सगळे पुढंच बघत राहिले.